परमुलखात जपलेली चाल



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही शाळा हे व्याख्यान योजते, ते वर्गात इतिहास शिकवीत आणि शाळा सुटल्यावर पेटी पुढे ओढून मुलांकडून पदे बसवून घेत. इतिहास आणि संगीत ही त्यांच्या लेखी दोन निराळी दालने नव्हती. त्यांच्या विद्यार्थ्याने या व्यासपीठावरून बोलायचे, तर दोहोंना जोडणारा विषय घ्यावा असे मनाने घेतले. म्हणून आज मी आपल्यासमोर पोलका या संगीतप्रकाराचा इतिहास मांडणार आहे. त्यातही माझा मुख्य रोख तो संगीतप्रकार जिवंत ठेवण्यासाठी ज्यांनी आपली आयुष्ये वेचली त्या माणसांवर राहील.

विषय दूरचा आहे, हे मान्य. बडोद्यात बसून मध्य युरोपातील एका नाचाचा आणि अमेरिकेतील कारखान्यांच्या गावांचा विचार कशासाठी करायचा, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, आपणही परमुलखात स्थिरावलेला समाज आहोत. आपले पूर्वज अठराव्या शतकापासून गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि पुढे दरबारच्या नोकरीच्या निमित्ताने येथे आले आणि येथलेच झाले. देशांतर केलेला समाज आपल्याबरोबर काय नेतो, त्यातले काय टिकते, काय गळून पडते, आणि जे टिकते ते कोणाच्या कष्टांमुळे टिकते, हे प्रश्न आपल्या घरातलेच आहेत. स्वतःच्या घराकडे पाहताना माणसाची दृष्टी ममतेने अंधुक होते. दुसऱ्याच्या घराकडे पाहिले म्हणजे तीच गोष्ट अधिक स्वच्छ दिसते.

पोलकाचा जन्म बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात झाला. त्या वेळी तो प्रदेश ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याच्या अमलाखाली होता. लाबे नदीच्या काठच्या एका गावात एक मोलकरीण आपल्याच तंद्रीत नाचत होती, ती चाल एका संगीतज्ञ शिक्षकाने पाहिली आणि कागदावर उतरवून घेतली, अशी आख्यायिका चेक लोक आवडीने सांगतात. इतिहासकार तिला आख्यायिकेहून अधिक किंमत देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोकनृत्याला एक जन्मदिवस आणि एक जन्मदाती क्वचितच असते. नावाविषयीही दोन मते आहेत. चेक भाषेत अर्ध्याला ‘पूल्का’ म्हणतात, त्यातील अर्ध्या पावलावरून हे नाव पडले असे काही म्हणतात. ‘पोलका’ म्हणजे पोलंडची स्त्री, आणि १८३०-३१ च्या पोलिश उठावाविषयीच्या सहानुभूतीतून हे नाव रूढ झाले असे इतरांचे म्हणणे आहे. नाचाचे स्वरूप मात्र वादातीत आहे. दोन मात्रांचा उडता ठेका, तीन झटपट पावले आणि एक हलकी उडी. जोडीने फिरत फिरत सारे दालन पालथे घालायचे. जो शिकतो तो तासाभरात शिकतो, आणि एकदा शिकलेला विसरत नाही.

आख्यायिकेतला शिक्षक मात्र मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या व्यवसायाचा या इतिहासाशी असलेला संबंध कल्पित नाही. चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतेतिहासकाराने १७७२ मध्ये बोहेमियातून प्रवास केला. चास्लाव या गावच्या शाळेत सहा ते दहा-अकरा वर्षांची मुले आणि मुली वाचन-लेखनाबरोबरच व्हायोलिन आणि फुंकवाद्ये वाजवीत बसलेली त्याने पाहिली आणि ती नोंद आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. बोहेमियातील खेड्यांत शाळामास्तर हाच चर्चचा वादकही असे आणि गावचा संगीतगुरूही. प्रारंभीच्या लिखित पोलकांपैकी ‘एस्मेराल्डा’ ही प्रसिद्ध रचना फ्रान्तिशेक हिलमार यांची. हे गृहस्थ कोपिद्ल्नो या लहानशा गावी शिक्षक होते. आपल्या बडोद्यातही मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाच्या आधारे शिक्षण सुरू केले, त्याचे स्मरण येथे सहजच होते. संगीत शाळेत शिरले म्हणजे ते घराण्यांच्या आणि दरबारांच्या आश्रयावर अवलंबून राहत नाही. पोलकाला हे भाग्य जन्मतःच लाभले होते.

प्रागच्या नृत्यगृहांत हा नाच लवकरच पोहोचला. १८४० मध्ये प्रागचे नृत्यशिक्षक यान राब यांनी तो पॅरिसच्या ओदेऑन रंगमंचावर सादर केला, आणि १८४४ च्या सुमारास पॅरिस व लंडन या दोन्ही राजधान्या पोलकाने अक्षरशः झपाटल्या गेल्या. नृत्यशिक्षकांना उसंत मिळेना. व्यापाऱ्यांनी ते नाव नाना वस्तूंना चिकटवले. टिपक्यांच्या कापडाला ते चिकटले ते आजतागायत आहे, आणि इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या आखूड जाकिटालाही पोलका म्हणू लागले. हे वाचताना आपल्या आजी-मावश्यांचे परकर-पोलके कोणाला आठवणार नाही? त्याच वर्षी हा नाच अटलांटिक ओलांडून अमेरिकेतही गेला. परंतु ती उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यातील फॅशन होती, आणि फॅशन जशी येते तशी जाते. अमेरिकेत पोलका रुजला तो या मार्गाने नव्हे. तो रुजवला पुढील साठ-सत्तर वर्षांत बोटींतून उतरलेल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी.

त्यांच्याबरोबर एक वाद्य होते. व्हिएन्नामध्ये सिरिल डेमियान यांनी १८२९ मध्ये अकॉर्डियनचे पेटंट घेतले. सॅक्सनीतील केम्निट्झ गावी कार्ल उलिग यांनी १८३४ मध्ये कॉन्सर्टिना सिद्ध केली. भात्याची हवा पितळी पट्ट्यांवरून खेळवून स्वर काढणारी ही वाद्ये आपल्या पेटीच्याच कुळातली. ती हातात मावत, हवामानाने फारशी बिघडत नसत, जर्मनीतल्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्याने सामान्यांच्या आवाक्यात आली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उजव्या हाताने चाल व डाव्या हाताने ठेका असा एकटा माणूस सगळा नाच उभा करू शकत असे. ज्या गावात दहा वादक मिळणे शक्य नव्हते, तेथे एक जण पुरत असे. स्थलांतरिताच्या संगीताला लागणारे हे सर्व गुण होते.

जेथे जेथे मध्य युरोपातील लोक वसले, तेथे तेथे पोलकाने निरनिराळे रूप घेतले. मिनेसोटा राज्यातील न्यू उल्म परिसरात जर्मन-बोहेमियन शेतकऱ्यांनी फुंकवाद्यांचा भारदस्त पोलका जोपासला. तेथला ‘हूपी जॉन’ विल्फार्ट हा वादक नभोवाणी आणि ध्वनिमुद्रिकांमुळे दूरवर गाजला. शिकागोमध्ये पोलिश कामगारांनी आपला पोलका घडवला. टेक्सासमध्ये चेक वसाहतींनी आपला राखला. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत काम करण्यासाठी स्लोव्हेनियन लोक इतक्या संख्येने आले की, स्लोव्हेनियाबाहेरची त्यांची सर्वांत मोठी वस्ती तेथे झाली. या लोकांनी परस्पर साहाय्य मंडळे काढली, चर्चे बांधली, आणि वर्गणी गोळा करून समाजमंदिरे उभारली. क्लीव्हलंडच्या सेंट क्लेअर मार्गावरील स्लोव्हेनियन नॅशनल होम हे त्यांतले प्रमुख. ते १९२४ मध्ये उघडले. नाटके, सभा, लग्ने, शोकसभा आणि नाच हे सारे त्या एका छपराखाली होत असे. पोलकाचे रक्षण कोणी केले हे सांगताना मी प्रथम नाव घेईन ते अशा इमारतींचे आणि त्यांचे हिशेब लिहिणाऱ्या अनामिक चिटणिसांचे.

या वस्तीतूनच फ्रँकी यांकोविच पुढे आले. त्यांचा जन्म १९१५ चा. आईवडील स्लोव्हेनियातून आलेले. घरी खाणावळीला राहणाऱ्या कामगारांपैकी एकाने त्यांना बटनांचा अकॉर्डियन शिकवला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले, आणि १९४४ च्या हिवाळ्यातील आर्देन्सच्या लढाईत हिमदंशाने त्यांचे हातपाय इतके सडले की, शस्त्रवैद्यांना ते कापावेत असे वाटले. यांकोविच यांनी संमती दिली नाही. सुदैवाने हात वाचले, आणि बोटांत पुन्हा चलनवलन यावे म्हणून त्यांनी रुग्णालयात अकॉर्डियनचाच आधार घेतला. १९४८ मध्ये मिलवॉकी येथील स्पर्धेत त्यांना ‘अमेरिकेचा पोलका-राजा’ हा किताब मिळाला. त्याच सुमारास निघालेल्या ‘जस्ट बिकॉज’ आणि पाठोपाठच्या ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’ या ध्वनिमुद्रिकांचा खप प्रत्येकी दहा लाखांवर गेला.

यांकोविच यांच्या यशाचे मर्म समजून घेतले पाहिजे. त्यांनी जुन्या चालींवर इंग्रजी शब्द बसवले. इतकेच नव्हे, ‘जस्ट बिकॉज’ हे गाणे मुळात स्लोव्हेनियन नव्हतेच. ते अमेरिकेतील ग्रामीण गायकांचे होते, त्याला त्यांनी आपल्या ठेक्यात ओवून घेतले. वाद्यमेळात त्यांनी बँजोला स्थान दिले. म्हणजे ज्याला आपण परंपरेचा राजा म्हणतो, त्याने परंपरेत मोठे बदल केले होते. शिकागोत वॉल्टर यागेलो, अर्थात ‘लिल वॉली’, यांनी उलटी वाट धरली. त्यांनी गती मंदावली, कॉन्सर्टिना आणि क्लॅरिनेट पुढे आणले, खेड्यातल्या लग्नातील पोलिश गाणी मोकळ्या गळ्याने म्हटली आणि त्यांसाठी स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. एकाने परंपरा शहरी केली, दुसऱ्याने ती पुन्हा गावाकडे वळवली. आणि दोघांच्याही मागे लोक गेले.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतर मात्र उतार लागला. त्याचे खापर रॉक अँड रोल संगीतावर फोडण्याची रीत आहे, आणि त्यात तथ्यही आहे. गिटार आली आणि अकॉर्डियन हे तरुणांच्या थट्टेचे वाद्य झाले. तथापि केवळ रुची बदलल्याने एखादे संगीत मरत नाही. जुन्या वस्त्यांतील कुटुंबे मोटारी घेऊन उपनगरांत राहायला गेली, त्यामुळे चालत जाता येईल असे नृत्यगृह उरले नाही. दूरचित्रवाणीने शनिवारची संध्याकाळ घरात कोंडली. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलादाचे कारखाने बंद पडू लागले, आणि ज्या पगारांवर समाजमंदिरांच्या वर्गण्या चालत ते पगारच थांबले. संगीताच्या खालची जमीन सरकली. अशा वेळी फॅशनचे अनुयायी निघून जातात आणि उपासक तेवढे उरतात. खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो.

या उपासकांनी काय केले? कोणी आकाशवाणी धरली. क्लीव्हलंडमध्ये टोनी पेटकोव्हशेक यांनी १९६१ मध्ये पोलकाचा दैनिक कार्यक्रम सुरू केला आणि सुमारे चार दशके तो चालवला. नवी मुद्रिका, कोणाकडे लग्न, कोणत्या सभागृहात नाच, कोण निवर्तले, हे सर्व त्या कार्यक्रमातून कळत असे. पांगलेल्या वस्तीला एकत्र ठेवणारा तो जणू अदृश्य चौक होता. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग सणाच्या सुटीत त्यांनी पोलकाचे संमेलन भरवण्यास आरंभ केला आणि ते दरवर्षीचे झाले. कोणी दप्तर धरले. शिकागोत १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय पोलका संघ स्थापन झाला. क्लीव्हलंडच्या शेजारी युक्लिड येथे १९८७ मध्ये क्लीव्हलंड पद्धतीच्या पोलकाचे संग्रहालय निघाले. जुनी वाद्ये, छायाचित्रे, ध्वनिमुद्रिका आणि कार्यक्रमपत्रिका माळ्यांवरून उतरवून तेथे आणल्या गेल्या. कोणी वाद्य धरले. पियानोसारख्या पट्ट्यांच्या अकॉर्डियनने मागे टाकलेला बटनांचा अकॉर्डियन सत्तरच्या दशकात पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींनी त्याची मंडळे स्थापन केली.

धर्माच्या क्षेत्रातही एक नवल घडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) कॅथलिक उपासनेत लोकभाषांना आणि लोकसंगीताला दार उघडून दिले. त्यानंतर मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींच्या प्रदेशात, एव्हलेथ गावी, फादर फ्रँक पेर्कोविच यांनी १९७३ मध्ये पोलकाच्या चालींवर मिस्सा अर्पण केली. खाणकामगारांच्या लग्नांत आणि बिअरच्या मेजांवर वाजणाऱ्या चाली वेदीजवळ आणाव्यात की नाहीत, यावर अर्थातच वाद झाला. परंतु चर्चचे बाक भरले, आणि १९८३ मध्ये ही मिस्सा रोम येथे जाऊन सादर झाली. ज्या समाजाने तमाशाच्या चालींवर सत्यशोधकी जलसे आणि नाट्यपदांच्या चालींवर भजने ऐकली आहेत, त्या आपल्या समाजाला त्या वादाचे दोन्ही पक्ष कळतील.

आजच्या श्रोतृवर्गातील बालमित्रांसाठी एक घटना मुद्दाम सांगतो. विस्कॉन्सिन राज्याने १९९३ च्या एका अधिनियमाने पोलकाला राज्यनृत्याचा मान दिला. हा प्रस्ताव कोणा मंत्र्याच्या मनात आला नव्हता. राजधानी मॅडिसन येथील एका प्राथमिक शाळेतील दुसरीच्या मुलांनी तो मांडला, आणि पोलकाप्रेमींच्या संघटनांनी त्याला पाठबळ दिले. सात-आठ वर्षांची मुले आजी-आजोबांच्या नाचासाठी विधिमंडळाला साकडे घालतात, आणि विधिमंडळ ते मान्य करते! असल्या मानाने नाच टिकतो असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलांच्या आधी कोणीतरी त्यांना तो नाच दाखवलेला होता, आणि टिकण्याचे रहस्य तेथे आहे.

आता एका कठीण प्रश्नाकडे वळतो. जपायचे ते नेमके काय? शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात, आमच्या गावची चाल, आमचीच वाद्ये आणि आमचीच भाषा. परंतु पोलकाचा इतिहास या आग्रहाला पदोपदी छेद देतो. टेक्सासमध्ये चेक आणि जर्मन शेजाऱ्यांकडून मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांनी अकॉर्डियन आणि पोलका घेतला. नार्सिसो मार्तिनेझ यांनी सान्तियागो आल्मेदा यांच्या साथीने १९३६ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांपासून तेथे ‘कोन्हुन्तो’ नावाची संपूर्ण स्वतंत्र परंपरा उभी राहिली. ॲरिझोनाच्या वाळवंटातील तोहोनो ओओधाम या मूलनिवासी जमातीने पोलका आपला करून घेतला; नृत्य या अर्थाच्या स्पॅनिश ‘बाइले’ शब्दावरून ते त्याला ‘वायला’ म्हणतात, आणि सणासमारंभांत तो रात्रभर चालतो. पोलिश-अमेरिकन पोलकात सर्वाधिक राष्ट्रीय सन्मान मिळवणारे जिमी स्टर हे स्वतः आयरिश वंशाचे आहेत. पोलिश शेजारात ते वाढले, एवढेच त्यांचे नाते. उलट दिशेचाही प्रवाह आहे. स्लोव्हेनियात स्लाव्को आव्सेनिक यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या वाद्यवृंदाने नव्या चाली रचल्या, आणि त्या अमेरिकेतील स्लोव्हेनियनांनी उत्साहाने उचलल्या. मायभूमीनेही आपली परंपरा जुन्या वेष्टनात बांधून ठेवली नव्हती. चेक संगीतकार यारोमिर वेयवोदा यांनी १९२७ मध्ये रचलेल्या एका पोलकाला पुढे जर्मन शब्द मिळाले, १९३९ मध्ये ‘बिअर बॅरल पोलका’ या नावाने इंग्रजी मिळाले, आणि महायुद्धात एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी तीच चाल गायिली. ती चाल कोणाची? रचली चेक माणसाने. पण मालकी सांगायला बसलो तर पंगतीला अर्धे जग येईल.

राजमान्यतेची गोष्टही बोधप्रद आहे. अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या ग्रॅमी पारितोषिकांत १९८६ पासून पोलकाला स्वतंत्र विभाग मिळाला, आणि पहिला मान वयोवृद्ध यांकोविच यांना लाभला. परंतु पुढे बहुतेक वर्षी एकाच वाद्यवृंदाची सरशी होत गेली. जिमी स्टर यांनी अठरा वेळा हे पारितोषिक जिंकले. २००९ नंतर तो विभागच रद्द करण्यात आला. पोलकाप्रेमींना दुःख झाले, संतापही आला, आणि तो स्वाभाविक होता. कारण आपण आहोत याची बाहेरच्या जगाने घेतलेली ती एकमेव वार्षिक नोंद होती. यांकोविच १९९८ मध्येच निवर्तले होते. लिल वॉली २००६ मध्ये गेले, आणि शिकागो पद्धतीला नवे तेज देणारे एडी ब्लाझोन्चिक २०१२ मध्ये. तरीही शनिवारचे नाच बंद पडले नाहीत. ज्यांनी संगीत सुरू ठेवले होते, ते पारितोषिकासाठी वाजवीत नव्हते. राजमान्यता गेली म्हणून मरते ते आधीच मेलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

येथवर मी टिकल्याचे सांगितले. जे टिकले नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान केवळ गौरवगीत होईल. टिकली नाही ती भाषा. क्लीव्हलंडच्या नाचात आज जे पिढीजात स्लोव्हेनियन रंगून जातात, त्यांतील बहुसंख्यांना आपल्या पणजोबांची पत्रे वाचता येणार नाहीत. गाण्यांची ध्रुवपदे ओठांवर आहेत, अर्थ मात्र विचारावा लागतो. चाल राहिली, पाऊल राहिले, सणाचा पदार्थ राहिला, आडनाव राहिले, संवाद गेला. यांकोविच यांनी इंग्रजी शब्द घातले म्हणून भाषा गेली, असे मी मानत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. भाषा घरातून निघून चाललेलीच होती. त्यांनी शब्द बदलले म्हणून निदान चाल तरी नातवंडांपर्यंत पोहोचली. पण अर्धे वाचवल्याचा आनंद मानताना उरलेल्या अर्ध्याचे सुतक पाळणेही प्रामाणिकपणाचे आहे.

श्रोतेहो, आता हा आरसा थोडा आपल्याकडे वळवतो. आपल्या शहरात भाद्रपदात घरोघर आरत्या होतात. मुले त्या एका दमात, टाळ्यांच्या ठेक्यात, एकही शब्द न चुकता म्हणतात. त्यांतल्या कितींना त्या शब्दांचा अर्थ सांगता येईल? कितींना मामाला मराठीत चार ओळींचे पत्र लिहिता येईल? मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. गुजराती ही आपल्या शेजाराची आणि व्यवहाराची भाषा आहे, तिचे ऋण आपल्यावर मोठे आहे, आणि इंग्रजीशिवाय आज चालत नाही, हे मला समजते. मला एवढेच म्हणायचे आहे की, आरती पाठ असणे म्हणजे क्लीव्हलंडच्या नातवाला पोलका येणे. ते मोलाचे आहे, आनंदाचे आहे. पण तो वारशाचा अर्धा भाग आहे. स्लोव्हेनियनांना दुसरा अर्धा राखण्याची संधी होती तेव्हा ती निसटत आहे हे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. आपल्याला ते लक्षात येण्याजोगा अवकाश अजून आहे.

पोलकाच्या उपासकांकडून घ्यायचे ते मला असे दिसते. त्यांनी अभिमानाची भाषणे थोडी केली आणि नियमित प्रसंग पुष्कळ निर्माण केले; वर्षातून एकदा होणाऱ्या महोत्सवापेक्षा दर शनिवारी होणाऱ्या नाचाने अधिक काम केले. त्यांनी जागा राखल्या, म्हणजे छपरे गळू लागली तेव्हा ती शाकारली. त्यांनी नोंदी आणि वस्तू जपल्या. बाहेरचा आयरिश मुलगा दारात आला तेव्हा त्याला कुळ विचारले नाही, आत घेतले आणि वाद्य हातात दिले. पुढे त्यानेच झेंडा सर्वांत उंच नेला. आपल्याही शाळेत गुजराती, सिंधी, हिंदी घरांतील मुले मराठी शिकू इच्छितात तेव्हा त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहावे. आणि सर्वांत शेवटी, त्यांनी मुलांना तासभर ऐकत बसवले नाही. उठवून नाचायला लावले. भाषेच्या बाबतीत याचा अर्थ असा की, मराठीचे गुणगान ऐकवण्यापेक्षा मराठीत काहीतरी करायला द्यावे. नाटक बसवावे, हस्तलिखित काढावे, आजीकडून ओवी लिहून आणायला सांगावी.

या शाळेच्या कपाटांत जुनी हस्तलिखिते, स्नेहसंमेलनांच्या पत्रिका आणि नाट्यप्रयोगांची छायाचित्रे आहेत. अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरच्या पेट्यांतही ती असतील. युक्लिडच्या मंडळींनी जसे माळे धुंडाळले, तसे आपणही या वर्षी धुंडाळावेत; आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिची हकीकत, ज्याच्या घरची ती आहे त्या घरातील मुलाने, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहून आणावी. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून उचित अशी दुसरी मानवंदना मला सुचत नाही. हे काम लहान आहे, खर्चाचे नाही, आणि उद्याच सुरू करता येण्याजोगे आहे.